सोलापुरात घरी जाऊन पेशंट सांभाळायची सर्विस सुरू करायचीये, लायसन नक्की कुठलं लागतं?

जुळेसोलापूर_सिस्टर

नमस्कार, इथं पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली सिस्टर आहे, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू आहे, एका खासगी हॉस्पिटलमध्ये ११ वर्षं झाली, त्यातली ६ आयसीयूत गेली. आता स्वतःची सर्विस काढायचं मनात आहे, घरी जाऊन ड्रेसिंग, इंजेक्शन, नाकातली नळी, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, आणि जोडीला पेशंटजवळ थांबणाऱ्या १२ तास आणि २४ तासांच्या मावश्या. मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत, त्यांचा पाठिंबा आहे, दोघांनी मिळून ४ लाख बाजूला काढलेत.

हे डोक्यात का आलं ते सांगते. भवानी पेठेतले एक आजोबा होते, सगळा जन्म यंत्रमागावर गेलेला, लकवा मारून आमच्याकडं आले आणि बरे होऊन घरी गेले. जाताना पाठ एकदम स्वच्छ होती, मी स्वतः बघितलेली. वीस दिवसांनी परत आणले तेव्हा माकडहाडावर मुठीएवढी जखम, सदरा जखमेला चिकटलेला, तो सलाईनच्या पाण्यानं भिजवून भिजवून काढावा लागला. सून रडत सांगत होती, सिस्टर मी रोज पुसून पावडर लावायचे हो, दोन वेळा लावायचे, पण कूस बदलायची असते हे मला कुणी बोललंच नाही. बोलायचं काम माझं होतं. डिस्चार्जच्या दिवशी नातेवाईक फाईल छातीशी धरून उभे असतात, आम्ही पाच मिनिटांत नळीतून कसं भरवायचं ते दाखवतो, तेवढ्यात दुसरा पेशंट वर येतो आणि हे राहून जातं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

आता अडचण अशी की लायसनचं कोण काय सांगतं कोण काय. एकजण ओळखीतून भेटला, म्हणाला होम केअरचं सरकारी लायसन काढून देतो, २५ हजार होतील, महिन्यात हातात. एक मैत्रीण म्हणते नर्सिंग होमचं रजिस्ट्रेशन लागतं, एक म्हणते शॉप ॲक्ट पुरे. युट्यूबवर बघितलं तर तिथं वेगळंच चाललेलं. जीएसटी लागतो का, घराच्या पत्त्यावर चालेल का, मावश्यांचा काय करार करायचा, डॉक्टर लागतो का सोबत? ज्यांनी केलंय किंवा ज्यांच्या घरी अशी बाई ठेवलीये त्यांनी दोघांनीही सांगा, मला दोन्ही बाजू पाहिजेत.


सातरस्ता_टॅक्सवाले

ताई, सगळ्यात आधी ते २५ हजार देऊ नका. होम केअर एजन्सी असं एक वेगळं लायसन आपल्या महाराष्ट्रात नाही. जे नाही ते तो काढून काय देणार, शॉप ॲक्टची पावती आणि उद्यमचा, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा, कागद लॅमिनेशन करून हातात ठेवेल. उद्यम तर फुकट आहे, सरकारी पोर्टलवर आधार टाकून स्वतः करता येतं, त्याला एक रुपया कुणी मागितला तरी देऊ नये.

नर्सिंग होमचं जे म्हणतात तो १९४९ चा कायदा आहे, महाराष्ट्र नर्सिंग होम नोंदणीचा, त्याचे नियम २०२१ ला सुधारले. त्यात व्याख्या जागेची आहे. आजारी माणसाला जिथं ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा करतात ती जागा म्हणजे नर्सिंग होम. तुम्ही पेशंटच्या घरी जाणार, तुमच्या ऑफिसात कॉट नाही, म्हणून तो तुम्हाला लागू होत नाही. पण उद्या कुणी गळ घातली की सिस्टर दोन दिवस आमच्या आईला तुमच्याकडंच ठेवा आणि तुम्ही ऑफिसच्या मागच्या खोलीत एक जरी खाट टाकली, तर तिथून पुढं महापालिकेची नोंदणी लागणारच. हे लक्षात ठेवा कारण माणूस दयेपोटी यातच अडकतो. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आहे पण महाराष्ट्रानं तो स्वीकारलेला नाही, त्यामुळं त्याचं नाव सांगून कुणी घाबरवलं तर घाबरू नका.

शॉप ॲक्ट म्हणजे आता दुकानं-ऑफिसांच्या नोंदणीचा २०१७ चा कायदा, माणसं थोडी असतील तर नुसती ऑनलाइन सूचना द्यायची, पावती निघते, त्यावर बँकेत चालू खातं उघडतं. माणसं वाढली की रीतसर नोंदणी. घराच्या पत्त्यावर चालतं, सोसायटी असेल तर चेअरमनच्या कानावर घाला म्हणजे पुढं कटकट नको. प्रोफेशन टॅक्स तुमचा स्वतःचा वर्षाला २५००, आणि पगारावर माणसं ठेवली की त्यांचा वेगळा नंबर, मात्र २०२३ च्या एप्रिलपासून महिलांना महिना २५ हजारापर्यंतच्या पगारावर तो माफ आहे, म्हणजे तुमच्या बहुतेक मावश्या त्यात येणार नाहीत. वीस माणसं पगारावर झाली की पीएफ.

जीएसटीचं नीट वाचा कारण इथं लोक फसतात. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीच लागत नाही, सुरुवातीला तुमची होणार नाही. पुढं वाढली तर प्रश्न येतो. आरोग्यसेवेला माफी आहे, २०१७ ची १२ नंबरची अधिसूचना, पण ती माफी दवाखान्यानं, डॉक्टरनं किंवा पॅरामेडिकनं दिलेल्या उपचाराला आहे. तुम्ही सोबतीला बाई पाठवली, ती चहा करते, हात धरून फिरवते, तर खातं म्हणू शकतं की हा मनुष्यबळ पुरवठा झाला आणि त्याला १८ टक्के. म्हणून पहिल्या दिवसापासून बिल वेगळं करा, सिस्टरच्या व्हिजिटचं वेगळं आणि अटेंडंटचं वेगळं. नंतर तीन वर्षांची बिलं उकरत बसायला लागलं की फार त्रास होतो, मी अशा फायली बघितल्यात.

पैशाचं म्हणाल तर ४ लाखात सुरुवात होते, कर्ज नको. वाढवताना पीएमईजीपीची, म्हणजे केंद्राच्या रोजगार निर्मितीच्या कर्ज-अनुदान योजनेची, चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करा, त्या योजनेत सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो आणि शहरातल्या महिलेला २५ टक्के अनुदान धरलेलं आहे, ग्रामीणला ३५. औषधं विकायच्या भानगडीत मात्र पडू नका, त्याला एफडीएचं, म्हणजे अन्न-औषध प्रशासनाचं, लायसन लागतं. घरच्यांनी मेडिकलमधून आणायची, तुम्ही द्यायची.


अक्कलकोट_रोडवरून

फॉलो करतेय. माझी पण ही शंका होती.


पुण्याहून_शनिवारी

ताई तुम्ही दोन्ही बाजू मागितल्या म्हणून लिहितोय, नाहीतर यावर मी सहसा बोलत नाही.

आई-बाबा विजापूर रोडला, मी आणि बहीण दोघं पुण्यात. बाबांना लकवा झाला आणि नळी लागली तेव्हा आम्ही सोलापुरातल्याच एका ब्युरोकडून २४ तासांची मावशी घेतली. महिन्याला २१ हजार ब्युरोला, वर एक महिन्याचं डिपॉझिट. मावशी चांगल्या होत्या, बाबांची दाढी त्या करायच्या. तीन महिन्यांनी आईनं सहज विचारलं तेव्हा कळलं की त्यांच्या हातात १२ पडतात, ते पण दहा-पंधरा तारखेला. चौथ्या महिन्यात त्या गेल्या, दुसऱ्या घरी थेट १६ मिळाले, मी त्यांना दोष देत नाही. त्यानंतर एका महिन्यात पाच बायका बदलल्या. आईचं वय ७१. प्रत्येक नवीन बाईला आईनं परत पहिल्यापासून सांगायचं, उजव्या कुशीवर घेतलं की कण्हतात, तोंडानं द्यायचं पाणी घट्ट करून द्यायचं, लघवीची पिशवी कॉटच्या खालच्या दांड्याला लावायची वर ठेवायची नाही. बाबांची सेवा कमी आणि बायका शिकवण्यातच आईचा जीव जायचा.

त्यातली एक बाई असताना रात्री अडीचच्या सुमाराला बाबांनी झोपेत नळी ओढून काढली. तिनं ती धुतली आणि परत घातली. आणि सकाळी सहाला तिनंच दूध सोडलं. बाबा खोकायला लागले, ओठ निळे पडले, आईनं शेजारच्यांना उठवलं, रिक्षातून नेलं. दूध फुफ्फुसात गेलं होतं. नऊ दिवस आयसीयू. ती बाई दारात बसून रडत होती, म्हणाली आधीच्या घरी पण मीच घालायचे, ब्युरोवाले म्हणले येतंय ना तुला मग जा. तिला कुणीतरी शिकवलं होतं, अर्धवट. ब्युरोचा फोन दोन दिवस बंद. सही केलेल्या कागदावर खाली बारीक अक्षरात होतं की पेशंटच्या तब्येतीला संस्था जबाबदार नाही.

बाबा त्यातून वाचले, पुढं दीड वर्ष होते. पण आई त्यानंतर रात्री झोपायची नाही, बाई असली तरी खुर्ची घेऊन बसायची.

तुम्ही विचारताय लायसन काय लागतं. मी कधी कुणाला लायसन विचारलं नाही आणि बहुतेक घरचे विचारत नाहीत. रात्री अडीचला उचलला जाणारा एक नंबर मला पाहिजे होता आणि पलीकडं असं माणूस पाहिजे होतं की जे म्हणेल मावशी नळीला हात लावू नका, सकाळपर्यंत काही भरवू नका, सिस्टर येतायत. एवढं कुणी दिलं असतं तर मी २१ चे २८ दिले असते. आम्हाला पुण्याहून यायचं म्हटलं तर रात्री अडीचला निघून सकाळ होते हो.


सेवानिवृत्त_मेट्रन

सिस्टर, तुझं वाचलं आणि वरच्या दादांचंही वाचलं. मी ३४ वर्षं नोकरी करून निवृत्त झाले आणि गेली काही वर्षं बार्शीत थोडी घरं बघते, कधी चार कधी सात, त्याच्यावर कधी नेली नाहीत. तुला अगं-तुगं करते, राग मानू नको.

त्या सुनेचं मनाला लावून घेतलंस ते बरं केलंस, त्यातूनच हे काम उभं राहील.

लायसनचं वर टॅक्सवाल्या काकांनी सांगितलं ते बरोबर आहे, मी पुढचं सांगते. घराला लायसन नाही, संस्थेला नाही, पण तुझ्या हाताला आहे. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नंबर हेच तुझं लायसन, ते दर ५ वर्षांनी रिन्यू करावं लागतं, आणि तू ज्या ज्या सिस्टरला किंवा ब्रदरला पाठवशील तिच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स फाईलला लावायच्या आधी मूळ कागद स्वतःच्या डोळ्यांनी बघ, तारीख बघ. फिजिओथेरपिस्ट पाठवणार असशील तर त्यांची स्टेट कौन्सिल वेगळी आहे, त्यांचाही नंबर बघ. सिव्हिलमध्ये सरकारी नोकरीत असलेल्या मुलींना ड्युटी संपल्यावर ये म्हणून बोलावू नको, सरकारी नोकराला असा खासगी धंदा नियमात बसत नाही, पकडलं तर तिची नोकरी जाईल.

आणि मावशी ही मावशी आहे, सिस्टर नाही. हे घरच्यांना, मावशीला आणि स्वतःला रोज सांगावं लागतं, कारण तिन्हीकडून ही रेघ पुसली जाते. घरच्यांना वाटतं तेवढ्याच पैशात इंजेक्शन पण देईल. मावशीला वाटतं आपण दिलं तर आपला मान वाढेल. आणि आपल्याला एखाद्या रविवारी सिस्टर मिळत नाही तेव्हा वाटतं आजच्या दिवस चालून जाईल. मी प्रत्येक घरात भिंतीवर एक कागद लावते, मोठ्या अक्षरात, मावशी काय करणार आणि काय करणार नाही. आंघोळ, तोंड धुणं, डायपर, कूस बदलणं, डॉक्टरांनी लिहिलेली तोंडावाटेची गोळी वेळेला हातात देणं, तपमान, लघवी किती झाली ते मोजून लिहिणं. नळी घालणं नाही, कॅथेटर बदलणं नाही, सुई नाही, सक्शन म्हणजे मशीननं कफ ओढणं नाही. नळी बाहेर आली तर हात लावायचा नाही आणि काहीही भरवायचं नाही, फोन करायचा. नळीवर नाकपुडीपाशी मी पेनानं खूण करून ठेवते, खूण पुढं-मागं सरकलेली दिसली की ती पण नळी बाहेर आल्यासारखीच धरायची. भरवताना पाठ उचललेली आणि नंतर निदान अर्धा तास तशीच, आडवं करायचं नाही. दादा, तुमच्या घरी हा कागद असता तर, असं मला वाटून गेलं.

कुशीचं तर मी घड्याळच काढलंय. कागदावर गोल काढायचा, ८ डावी, १० पाठ, १२ उजवी, असं रात्रीचं पण, आणि प्रत्येक वेळेला मावशीनं तिथं टिकली लावायची. मावशीला लिहिता येत नसलं तरी टिकली लावता येते. कपाळाच्या टिकलीचं पाकीट दहा रुपयाला मिळतं. सकाळी मी गेले की टिकल्या मोजते आणि मग चादर काढून टाच, माकडहाड, खांद्याचं हाड, कानाची मागची बाजू बघते. लाल दिसलं आणि बोट दाबून उचलल्यावर पांढरं होत नसेल तर त्या दिवसापासून त्या अंगावर झोपवायचं बंद. एअर बेड असला तरी कूस चुकत नाही, लोकांना वाटतं बेड आणला म्हणजे झालं.

डॉक्टर लागतोच. तू लिहून देऊ शकत नाहीस, त्यांचं प्रिस्क्रिप्शन पाहिजे, सही तारखेसकट, फोनवर सांगितलं तर निदान मेसेज करून मागायचा. शिरेतल्या अँटिबायोटिकचा पहिला डोस घरी देऊ नको, कुणी कितीही म्हणू दे. तो हॉस्पिटलमध्ये होऊ दे, ॲलर्जीनं माणूस पाच मिनिटांत जातो आणि घरात तुझ्याजवळ काय असतं. पेशंट पाठवले म्हणून डॉक्टरांना कट द्यायचा नाही, ते त्यांच्या २००२ च्या आचारसंहितेत पण बसत नाही आणि तो कट शेवटी मावशीच्या पगारातूनच कापला जातो. मी एकदाही दिला नाही, तरी पेशंट येतात, थोडा वेळ लागला.

मावशीकडं पण बघ गं. ती कुठं जेवते, कुठं झोपते, तिला बाथरूम वापरू देतात का, हे पहिल्या भेटीतच घरच्यांशी बोलून घ्यायचं. एका घरी मावशीला वेगळा कप आणि गॅलरीत फरशीवर जागा दिली होती मे महिन्यात, मी दुसऱ्या दिवशी तिला उठवून आणलं आणि पैसे परत केले. घरातल्या पुरुषाचा त्रास झाला तर तिला आधी सांगून ठेव की नोकरी जाणार नाही, लगेच फोन करायचा. २०१३ चा जो कायदा आहे कामाच्या ठिकाणच्या छळाचा, त्यात राहतं घर पण कामाची जागा धरलेलं आहे. दहा माणसं झाली की तुला तुझी अंतर्गत समिती करावी लागेल, त्याच्या आत असशील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाता येतं. पोलीस पडताळणी मावशीची सगळे मागतात आणि ती करच, शहरात आयुक्तालय आणि तालुक्याला ग्रामीण पोलीस, ऑनलाइन अर्ज होतो. पण घर कसं आहे ते पण कुणीतरी बघायला पाहिजे ना, ते तू बघायचं. आणि तिच्या बँक खात्यातून वर्षाला २० रुपयांचा तो पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा अपघात विमा चालू करून दे, २ लाखांचा आहे. पगार खात्यावर, ठरल्या तारखेला, आणि घरच्यांकडून किती घेतेस ते तिला माहिती असू दे. लपवलंस की ती जाणार.


ह्यूस्टनची_माहेरवाशीण

युट्यूबवर वेगळंच चाललंय असं ताईंनी लिहिलंय म्हणून सांगते, ते बहुतेक इकडचे व्हिडिओ असणार. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत एजन्सीलाच लायसन लागतं, आमच्या टेक्सासमध्ये राज्याचं आरोग्य खातं देतं, आणि मेडिकेअरचे, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या सरकारी विम्याचे, पैसे घ्यायचे असतील तर केंद्राचं वेगळं सर्टिफिकेशन, त्याला तपासणीला माणसं येतात, फायली उघडून बघतात. माझी जाऊ अशा एजन्सीत आहे. त्यातलं तुम्हाला कायद्यानं काही लागू नाही, पण एक गोष्ट घेण्यासारखी वाटते. पहिल्या भेटीला नर्स स्वतः घरी जाऊन सगळं तपासते, पायपुसणं घसरतं का इथपासून, मग प्लॅन लिहिते आणि मगच मदतनीस घरात पाऊल टाकते. माझे सासू-सासरे होटगी रोडला एकटेच आहेत, तुमचं सुरू झालं की मला नक्की कळवा.


जुळेसोलापूर_सिस्टर

मला काय लिहावं कळत नाहीये. मॅडम, टिकल्यांचं मी आजच ड्युटीवर आमच्या मावशींना सांगितलं. आणि दादा, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. तुमचं दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा मिस्टरांना वाचून दाखवलं.

मी असं ठरवतेय, सांगा चुकतंय का. सगळं शहर घ्यायचं नाही. जुळे सोलापूर, विजापूर रोड आणि सात रस्त्यापर्यंत, म्हणजे रात्री फोन आला तर स्कूटीवर पंधरा-वीस मिनिटांत पोचता येईल तेवढंच. मॅडमसारखी पाच घरं वर्षभर. मी आणि माझी एक बॅचमेट दोघी सिस्टर, बाकी मावश्या. नोकरीचा नोटीस पिरियड पूर्ण करून मगच. पण एक राहिलं, सुया आणि ड्रेसिंगचा कचरा कुठं टाकायचा? हॉस्पिटलमध्ये पिवळी, लाल पिशवी आणि सुयांचा पांढरा डबा असतो आणि गाडी येऊन नेते, घरी काय करायचं?


घनकचरा_वाला

याचं मी सांगतो कारण आमच्या घंटागाडीवर हे रोजचं आहे. साखरेची इंजेक्शनं घेणारे लोक सुई तशीच उघडी ओल्या कचऱ्यात टाकतात. आमच्या एका ताईच्या हाताच्या तळव्यात गेली, नंतर तिला किती महिने रक्त तपासत बसावं लागलं, प्रत्येक रिपोर्टच्या आधी ती चार दिवस गप्प असायची. हातमोजे असतात पण सुई हातमोज्यातून जाते.

२०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमात तुम्ही पण येता, कचरा तुमच्या सेवेतून तयार होतो. कॉट नसलेल्यांना प्रदूषण मंडळाची मंजुरी एकदाच घ्यावी लागते, ऑनलाइन अर्ज आहे, आणि जी गाडी दवाखान्यांचा कचरा उचलते त्यांच्याशी तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर करार करायचा. तुमच्या कामाचा कचरा पेशंटच्या घरी ठेवायचा नाही. सिस्टरनं जाताना पांढरा न टोचणारा डबा आणि छोट्या पिवळ्या-लाल पिशव्या सोबत न्यायच्या आणि काम झालं की परत आणायच्या. टोपण परत लावायला जाऊ नका, तेव्हाच टोचते. आणि ज्या घरी मधुमेहाची सुई घरचेच घेतात तिथं पण एक जाड प्लास्टिकचा डबा देऊन या, भरला की तुम्हीच घेऊन जा. एवढं केलं तर आमची माणसं दुवा देतील.


सेवानिवृत्त_मेट्रन

पाच घरं बरोबर आहे. आणखी दोन गोष्टी, मग मी थांबते.

पाण्याचं आधी विचार. आपल्याकडं नळाला काही दिवसाआड पाणी, आणि झोपून असलेल्या माणसाच्या चादरी रोज दोन निघतात. ज्या घरात टाकी लहान आहे तिथं पहिल्या आठवड्यातच मावशी आणि सून यांची धुण्यावरून कुरबूर सुरू होते आणि मग पेशंट ओल्यात राहतो. चादर कोण धुणार, पाणी कुठलं, हे करारात लिही. लोकांना क्षुल्लक वाटेल, वाटू दे.

दुसरं भाषेचं. साखर पेठ, अशोक चौकाकडची घरं घेतलीस तर तेलुगू येणारी मावशी लागेल, अक्कलकोटकडं कन्नड. मी सोलापुरात होते तेव्हा एक पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातल्या, आजी होत्या, पन्नास वर्षं बाजारात मराठीत सौदा केलेल्या, लकव्यानंतर मराठी एक शब्द येईना, फक्त तेलुगू यायची. मुलगी आली की हळूच बोलायच्या, बाकी दिवसभर भिंतीकडं तोंड. मराठी मावशी आपली मायेनं विचारायची, आजी काय पाहिजे, आणि आजी डोळे मिटून घ्यायच्या. वॉर्डात झाडायला येणारी एक बाई तेलुगू बोलायची, तिनं एकदा विचारलं आणि आजींनी पाणी मागितलं. तहान लागली होती, सकाळपासून.


जुळेसोलापूर_सिस्टर

पाण्याचं लिहून घेतलं. मॅडम, पूर्व भागातली घरं मी आधी घेणार नव्हते पण ते भवानी पेठेतले आजोबा पण तेलुगूच बोलायचे, आणि सून मला परवा ओपीडीत भेटली, ड्रेसिंगला घरी याल का विचारत होती. जखम भरायला लागलीये. त्यांना मी रोज येते म्हणून सांगितलंय, पैशाचं नंतर. तेलुगू येणारी, शिकायची तयारी असलेली कुणी मावशी माहितीये का कुणाला? कामाचं मी शिकवीन, पगार काय आणि मी घरच्यांकडून किती घेते दोन्ही आधी सांगेन.


अक्कलकोट_रोडवरून

माझी मावसबहीण आहे ताई, विडी घरकुलात राहते. पंधरा वर्षं विड्या वळल्या, आता पाठ धरते म्हणून बंद केलंय. घरी सासूला तीन वर्षं तिनंच बघितलं, झोपूनच होत्या, पण पाठीला एक ओरखडा नव्हता. तेलुगू, मराठी आणि थोडी कन्नड येते. लिहिता येत नाही. तिला फोनवर तुमचं सगळं वाचून दाखवलं, म्हणाली टिकली लावायला काय, ते जमतंय की. रविवारी तिला घेऊन येते, कुठं यायचं ते मेसेज करा.